दोन शहरांमधील हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

दोन विमानतळांमधील हवाई अंतर ठरलेले असते. उड्डाणाचा वेळ मात्र दिशा, ऋतू आणि मार्ग यांनुसार बदलतो. म्हणून ही दोन गणिते स्वतंत्रपणे करावीत.

अंतरासाठी शहराच्या मध्यभागाचे नव्हे, तर प्रत्यक्ष विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजणे लांबच्या प्रवासात फसवे ठरते, कारण गोल पृथ्वीवरील सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाच्या, कंसावरून जातो आणि नकाशावर तो बहुधा ध्रुवाकडे वळलेला दिसतो. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा (साइन व कोसाइन ही त्रिकोणमितीतील गुणोत्तरे कॅल्क्युलेटरवर मिळतात) गुणाकार करावा. त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोसाइन आणि रेखांशांतील फरकाची कोसाइन या तिन्हींचा गुणाकार मिळवावा. आलेली संख्या ज्या कोनाची कोसाइन असेल, तो कोन अंशांत घेऊन १११.२ ने गुणला की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश ऋण धरावेत. बहुतेक चुका येथेच होतात. लंडनचा हीथ्रो विमानतळ (५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम) आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ (४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम) घेतल्यास कोन सुमारे ४९.८ अंश आणि अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर येते. नॉटिकल मैल हवे असल्यास १.८५२ ने भागावे.

आता वेळ. मोठ्या जेट विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर धरल्यास हे अंतर साडेसहा तासांत कापले जाते. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि उतरणे यांसाठी आणखी सुमारे ४० मिनिटे धरावीत; छोट्या उड्डाणांत हा भाग एकूण वेळेचा मोठा वाटा खातो, त्यामुळे तेथे नुसता भागाकार मुळीच पुरेसा नसतो.

खरा फरक वारा पाडतो. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह हिवाळ्यात अधिक जोरदार असतात. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर जमिनीच्या सापेक्ष वेग ७५० उरतो आणि न्यूयॉर्कला जाण्यास एकूण आठ तास लागतात. तोच वारा पाठीशी असेल, तर परतीचा प्रवास साडेसहा तासांत होतो. विमान नेहमी सर्वांत जवळच्या मार्गाने जातेच असेही नाही. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला, आणि शहरे होती तिथेच होती.

तिकिटावरून वेळ काढायचा असल्यास तेथील वेळा स्थानिक असतात हे लक्षात घेऊन, दोन्ही आधी जागतिक प्रमाणवेळेत आणून मगच वजाबाकी करावी. लंडनहून सकाळी १० वाजता निघून न्यूयॉर्कला दुपारी १ वाजता पोहोचणारे विमान तीन नव्हे, आठ तास उडते, कारण दोन्ही शहरांत बहुतेक काळ पाच तासांचा फरक असतो. बहुतेक काळ म्हणण्याचे कारण असे, की उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत) दोन्ही देशांत वेगवेगळ्या रविवारी सुरू होते व संपते, त्यामुळे मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या अखेरीस काही दिवस हा फरक चारच तासांचा राहतो. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तारीखही तपासावी: टोकियोहून संध्याकाळी निघालेले विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी किंवा दुपारी उतरू शकते.