म्हाताऱ्यांची कॉमेडी करताय? मग या चुका टाळा

चार म्हातारी पात्रं, थोडेसे पैसे आणि विनोदी गोष्ट. असला सिनेमा अधूनमधून माझ्या एडिट टेबलवर येतोच. कागदावर धमाल असते, पडद्यावर कुणी हसत नाही. मग दिग्दर्शक म्हणतो, ‘बजेट कुठे होतं?’ बजेटला कशाला नावं ठेवता? खालच्या सगळ्या चुका फुकटात होतात.

डोकं फिरवणारी पहिली चूक म्हणजे वाक्य संपताक्षणी ‘कट’. मुरलेला नट वाक्यावर हसवतच नाही, वाक्यानंतर हसवतो. चष्म्यावरून बघणं, उठता उठता परत टेकणं, ऐकू आलंच नाही असं दाखवून मग सावकाश उत्तर देणं. याला वेळ लागतो आणि आपल्या घाईवाल्या मंडळींना नेमका तोच द्यायचा नसतो.

एका सिनेमात दोन म्हातारे बाकावर बसून गेलेल्या मित्राच्या वस्तूंवरून भांडतात. एक म्हणतो, ‘मला काही नको, एक काठी मिळाली तरी पुरे.’ त्यावर दुसरे काका स्वतःची काठी हळूच लांब सरकवतात. हे लिहिलेलं नव्हतं, त्यांना तिथल्या तिथे सुचलं. टेक 6 झाले आणि सहाही वेळा दिग्दर्शक ‘पुरे’मधल्या ‘रे’वरच ओरडलाय. कॅमेरा बंद होईपर्यंतची सगळ्यात लांब शेपटी निघाली 11 फ्रेमची. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंदही नाही. हात काठीकडे निघाला की काळोख.

दोन दिवस शोधल्यावर चौथ्या टेकच्या सुरुवातीला, ‘ॲक्शन’च्या आधी, काका काठी जवळ ओढून घेताना सापडले. तो तुकडा उलटा चालवला. काठी लांब गेली! पण मागून जाणारा सायकलवालाही उलटा निघाला. शूटिंग फोरकेमध्ये, म्हणजे गरजेपेक्षा मोठ्या चित्रात होतं, म्हणून फ्रेम कापून नुसता हात आणि काठी ठेवली. त्या जागी थिएटर हसलं. दिग्दर्शक शेजारच्याला म्हणाला, ‘मी तसंच करून घेतलं होतं.’ बरं.

तेव्हापासून सेटवर गेलो की मी एकच सांगतो: वाक्य संपलं की मनात पाचपर्यंत मोजा, मग कट म्हणा. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड भरतं? भरू दे.

दुसरी चूक क्लोजची, म्हणजे नुसता चेहरा जवळून घ्यायची हौस. नव्या कॅमेरामनला लेन्स पूर्ण उघडून मागचं सगळं धूसर करायचं असतं. दिसतं सुंदर, पण बोलणाऱ्याच्या मागे तोंड वेडंवाकडं करणाऱ्या मावशी त्या धुरात जातात आणि विनोद त्यांच्याच तोंडावर असतो. मूकपटांच्या काळात विनोदी नट बस्टर कीटन फ्रेम मोकळी ठेवायचा, अख्खं अंग दिसू द्यायचा. तेवढं करा. दोघं-तिघं फ्रेममध्ये असू द्या, सगळे शार्प असू द्या, आणि कापायची घाई मला करू द्या.

आवाजाचं तर विचारूच नका. ‘डबिंगला बघू’ म्हणणाऱ्याने पंचाहत्तरीच्या नटाला स्वतःच्याच ओठांशी झगडताना एकदा बघावं. सेटवर सुचलेली ती अडखळ स्टुडिओत परत येत नाही. सेटवरच्या फ्रिजची घरघर आवाजात येते, तो बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे घरी निघताना तो चालू करायची आठवण राहते. प्रत्येक जागेचा अर्धा मिनिट नुसता शांत आवाज घ्या, एडिटमध्ये वाक्यांमधल्या फटी भरायला लागतो. तेवढ्यात सेटवर कुणीतरी हसतं, सगळे गप्प राहत नाहीत, हे माहीत आहे, तरी घ्या.

बाकीचं थोडक्यात. सगळ्यात वयस्कर नटाचा क्लोज सकाळी आधी घ्या, बारा तासांच्या शिफ्टच्या शेवटी नाही. सेटवर बदललेली पानं त्यांच्या हातात कोंबू नका. कवळी, बहिरेपणा आणि मोबाइल न कळणं यांवर मिळून एकच विनोद, तोही जमला तर. हसायची जागा दाखवणारं टुणटुण संगीत नको. आणि पहिला शो नातेवाइकांना दाखवू नका, ते कशालाही हसतात.

लांबी दीड तासावर गेली की मी कापायला घेतो. गाळलेले प्रसंग डिलीट करत नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. आठवड्याभरात दिग्दर्शक एखादा परत मागतोच. तेव्हा त्याला तो एकटा, अंधारात, पूर्ण बघायला बसवतो आणि चहा प्यायला जातो. परत येईपर्यंत बहुतेकांनी फोल्डर स्वतःच बंद केलेला असतो.