टेक-आऊट रोबो पार्ट पाडतोय? पेंडंट हातात घेण्याआधी या चुका टाळा

इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर तयार पार्ट मोल्डमधून काढणारा (टेक-आऊट) रोबो बसला की सुरुवातीला सगळे खूश असतात आणि मग एक दिवस पार्ट पडायला लागतो. कधी पार्ट धरणारा व्हॅक्यूम कप सुटतो, कधी पार्ट मोल्डमध्येच राहतो, कधी अलार्म येऊन मशीन उभं राहतं आणि रात्रपाळीचा ऑपरेटर रिसेट मारून मारून वैतागतो. मग फोनाफोनी सुरू, रोबोवाल्याला बोलवा, प्रोग्रॅम बिघडलाय. माझं यावर ठाम मत आहे की प्रोग्रॅम आपोआप बिघडत नाही. काल चाललेला प्रोग्रॅम आज चालत नसेल तर बदल दुसरीकडे कुठेतरी झालाय, मोल्डमध्ये, हवेत, कपात नाहीतर टेंपरेचरमध्ये, आणि तो शोधायचं सोडून लोक पेंडंट (रोबो चालवायचा हातातला रिमोट) घेऊन पॉइंट सरकवत बसतात, म्हणजे मूळ दुखणं तसंच राहतं आणि वर चांगला प्रोग्रॅमही हातचा जातो.

मी बोलतोय ते भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर कुठल्याही एमआयडीसीत दिसेल अशा सेटअपबद्दल. फिक्स प्लॅटनवर (मशीनच्या न हलणाऱ्या प्लेटवर) बसवलेला बीमवाला तीन अ‍ॅक्सिसचा सर्व्हो रोबो, वरून मोल्डमध्ये उतरतो, व्हॅक्यूम कपनी पार्ट धरतो आणि बाजूच्या कन्व्हेयरवर नेऊन ठेवतो. तुमच्याकडे फक्त रनर (प्लास्टिकच्या वाटेत गोठलेला टाकाऊ भाग) काढणारा छोटा न्यूमॅटिक पिकर असेल तरी यातलं बरंचसं लागू पडतं.

पार्ट मोल्डमधून नीट सुटतोय का हेच न बघणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. रोबो पार्ट ओढून काढायला नसतो, इजेक्टरने (पिना पुढे ढकलून पार्ट सोडवणारी मोल्डची यंत्रणा) मोकळा केलेला पार्ट तो फक्त धरतो आणि नेतो. त्यामुळे तक्रार आली की पहिल्यांदा रोबो बंद करून मशीन सेमी-ऑटोवर घ्या आणि चार-पाच शॉट काढून इजेक्शन नुसतं डोळ्यांनी बघा. पार्ट सरळ बाहेर येतोय का एका बाजूने आधी सुटून तिरका होतोय, पिनच्या जागी पांढरे डाग उठतायत का, मोल्ड उघडताना चर्रर्र असा आवाज येतो का. पार्ट तिरका सुटत असेल तर चारपैकी दोन कपच त्याला टेकणार, मग तुम्ही कितीही पॉइंट बदला.

प्लास्टिक थंड होताना आकसून कोअरला (मोल्डचा पार्टच्या आत घुसणारा भाग) घट्ट बसतं आणि आपल्याला ते कोअरवरच हवं असतं, म्हणजे मूव्हिंग साइडला. पण होल्डिंग प्रेशर (प्लास्टिक भरल्यावर दिलेला दाब) वाढवून पार्ट ठासून भरला की तो पुरेसा आकसत नाही आणि कॅव्हिटी साइडला (मोल्डच्या खोलगट, न हलणाऱ्या बाजूला) चिकटून राहतो. सिंकमार्क (पार्टवरचे खळगे) घालवायला कुणीतरी होल्डिंग वाढवतो आणि पुढच्या पाळीला रोबोचा अलार्म येतो, या दोन गोष्टींचा संबंध कुणी जोडतच नाही, कारण एक माणूस प्रोसेसचा आणि दुसरा मेंटेनन्सचा. म्हणून सेटिंग बदललं की लिहून ठेवायची सवय लावा, वही असो नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

ड्राफ्टचंही (पार्ट सुटावा म्हणून भिंतीला दिलेला उतार) तसंच. साध्या गुळगुळीत भिंतीला एक डिग्रीच्या आसपास ड्राफ्ट असला तरी निभावतं, पण टेक्सचर आलं की प्रत्येक 0.025 मिमी खोलीला साधारण एक ते दीड डिग्री जास्त लागते. नवीन टेक्सचर करून आणलेला मोल्ड अडकायला लागला तर त्यात रोबोचा काही दोष नाही. स्प्रू (नोझलपासून मोल्डपर्यंतच्या वाटेत गोठलेला दांडा) अडकत असेल तर नोझल आणि स्प्रू बुशचं रेडियस जुळतंय का बघा, नोझलचं भोक बुशच्या भोकापेक्षा मोठं असेल तर तिथे खाच तयार होते आणि स्प्रू तिथेच धरला जातो. पिकरच्या जबड्याचं प्रेशर वाढवून स्प्रू निघत नाही, तुटतो आणि मग बुशमध्ये अडकलेला तुकडा काढायला पितळी रॉड घेऊन बसावं लागतं.

इजेक्टर आणि रोबोचा हात यांचा ताळमेळ

ऑपरेटर हाताने पार्ट काढत होता तेव्हाचं सेटिंग बऱ्याच ठिकाणी तसंच ठेवलेलं असतं, इजेक्टरचे दोन-तीन स्ट्रोक, फुल स्पीड, म्हणजे पार्ट खाली पडावा असं. रोबोला याच्या अगदी उलट हवं असतं. हात पार्टच्या समोर येऊन उभा, व्हॅक्यूम चालू, मग इजेक्टरने हळू पुढे येऊन पार्ट कपांवर टेकवायचा, व्हॅक्यूम कन्फर्म झाला की हात मागे सरकणार आणि मगच इजेक्टर परत. एकच स्ट्रोक, आणि रोबोने सांगेपर्यंत इजेक्टर पुढेच थांबलेला.

इजेक्टर जोरात आला तर पार्ट कपांना धडकतो आणि टूलचा (कप बसवलेली, हाताच्या टोकाची फ्रेम) अँगल हळूहळू वाकत जातो, दिसून येत नाही इतका, आणि महिन्याभराने सगळे म्हणतात रोबोची पोझिशन सरकली. काही सर्व्हो रोबोत इजेक्शनच्या वेळी हात सैल सोडायची सोय असते, पार्ट जेवढा ढकलेल तेवढा हात मागे जातो, ती असेल तर जरूर वापरा, नसेल तर स्प्रिंगवाले कप लावा. आणि टूल मोल्डच्या फेसला समांतर आहे का ते गरम मोल्डवर तपासा. थंड मोल्डवर टीच केलेले (रोबोला शिकवून ठेवलेले) पॉइंट मोल्ड टेंपरेचरला आल्यावर थोडे हलतात, मोठ्या मोल्डला तर हे चांगलंच जाणवतं.

मोल्ड किती उघडतो हे रोबो घेतानाच बघायला हवं होतं, पण बघितलेलं नसतं. कोअरची उंची, पार्टची खोली, टूलची जाडी आणि वर मोकळी जागा, सगळं त्या ओपनिंगमध्ये बसलं पाहिजे. खोल बादली किंवा क्रेटच्या मोल्डवर इथेच गाडी अडते आणि मग टूल पातळ करायच्या नादात ते लवचिक होतं आणि थरथरतं.

व्हॅक्यूम, म्हणजे खरी गंमत इथेच

पार्ट पडला की मोठा कप लावा नाहीतर एफआरएलचं (हवेच्या लाइनवरचा फिल्टर-रेग्युलेटर) प्रेशर वाढवा, हे दोन उपाय सगळीकडे चालतात. दुसरा तर बहुतेक वेळा वायाच जातो. व्हॅक्यूम जनरेटर हवेच्या झोतावर चालतो आणि साधारण 4 ते 6 बारच्या दरम्यान त्याचं काम नीट होतं, तुमच्या जनरेटरवरचा आकडा त्याच्या लेबलवर बघा. त्याच्यापुढे प्रेशर वाढवलं की व्हॅक्यूम वाढत नाही, हवा आणि कॉम्प्रेसरचं बिल तेवढं वाढतं.

कपाचा हिशेब सोपा आहे. 30 मिमी व्यासाचा कप आणि 60 किलोपास्कल व्हॅक्यूम, तर कागदावर ताकद येते 42 न्यूटन म्हणजे सव्वाचार किलोच्या आसपास. वाटतं भरपूर झालं. पण मोल्डमधला पार्ट उभा असतो, म्हणजे वजन कपाच्या आडव्या दिशेने लागतं आणि त्याला धरून ठेवतं ते फक्त घर्षण, त्यात वर उचलताना झटका, त्यात सिलिकॉन स्प्रेने पार्ट गुळगुळीत झालेला. म्हणूनच उभ्या पकडीला चारपट मार्जिन धरतात, आडव्या पकडीला दुप्पट पुरते. हा हिशेब केला की कळतं की पार्ट का पडतोय, आणि स्प्रे कमी करणं हा सुद्धा एक उपाय आहे हे लक्षात येतं.

सगळे कप एकाच जनरेटरवर जोडणं ही दुसरी चूक. एक कप रिबवर बसला किंवा त्याची कड फाटली की सगळ्यांचाच व्हॅक्यूम बसतो. मल्टी कॅव्हिटी मोल्ड असेल तर प्रत्येक कॅव्हिटीला वेगळं सर्किट आणि वेगळा सेन्सर हवा, नाहीतर चारपैकी तीन पार्ट आले हे रोबोला कळणारच नाही आणि चौथ्यावर मोल्ड बंद होईल.

आता सेन्सर खोटं कसं बोलतो ते सांगतो, कारण हे फार लोकांना माहीत नसतं. एका कारखान्यात झाकणाचं काम चालू होतं आणि अधूनमधून झाकण मोल्डमध्येच राहून मशीन त्याच्यावर बंद व्हायचं, रोबोचा मात्र एकही अलार्म नाही. हात रिकामा वर यायचा आणि रोबो म्हणायचा पार्ट मिळाला. प्रोग्रॅम तीनदा तपासून झाला होता. मग हात बाहेर घेऊन, कप पूर्ण मोकळे ठेवून नुसता व्हॅक्यूम चालू केला आणि सेन्सरचा डिस्प्ले बघितला, कपावर काहीच नसताना आकडा उणे पन्नास किलोपास्कलच्या पुढे. आकडा शून्याच्या जवळ असायला हवा होता. कप आणि सेन्सरच्या मधला फिल्टर उघडला तर आत पांढऱ्या भुकटीचा घट्ट थर, बारीक फ्लॅश (मोल्डच्या फटीतून निघालेलं जादा प्लास्टिक) आणि स्प्रे मिळून झालेला. फिल्टर चोंदला की जनरेटर फक्त त्या फिल्टरपर्यंतची नळी ओढतो आणि सेन्सरला वाटतं कपावर पार्ट आहे. फिल्टर बदलला, दुखणं गेलं.

तर ही टेस्ट दर आठवड्याला करा, दोन मिनिटांची आहे. कप मोकळे असताना आकडा किती आणि चांगला पार्ट हाताने लावल्यावर किती, दोन्ही लिहा आणि सेन्सरचं सेटिंग या दोघांच्या मध्ये ठेवा. अलार्म येतो म्हणून सेटिंग खाली आणणं हे सगळ्यात वाईट, कारण त्याने अलार्म जातो आणि धोका राहतो.

कपाच्या मटेरियलचं एक सांगायचं राहिलं. गरम पार्टसाठी सिलिकॉनचे कप छान चालतात, पण जो पार्ट पुढे पेंटिंगला किंवा प्लेटिंगला जाणार आहे त्याला सिलिकॉनचा कप लावू नका, त्याचा अंश पार्टवर राहतो आणि पेंटमध्ये माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे येतात. ग्रिल, गार्निश, हँडल करणाऱ्यांनी हे डोक्यात पक्कं ठेवावं, कारण रिजेक्शन तुमच्याकडे दिसत नाही, पेंट शॉपमध्ये दिसतं आणि तोपर्यंत हजारो पार्ट गेलेले असतात.

हिवाळ्यात कोरड्या हवेत हलके पार्ट स्टॅटिकमुळे कपाला चिकटून राहतात, सोडताना छोटा ब्लो-ऑफ (हवेची फुंकर) द्या. पावसाळ्यात उलट त्रास, हवेच्या लाइनमध्ये पाणी. ड्रायर नसेल तर निदान रोबोच्या आधीचा फिल्टर रोज ड्रेन करा.

सगळेच स्पीड शंभर टक्के करणं

मालकाने सायकल टाइम विचारला की सेटर सगळे अ‍ॅक्सिस शंभरवर नेतो. अहो, सायकल मोजायची ती मोल्ड उघडल्यापासून बंद व्हायला लागेपर्यंत रोबो जेवढा वेळ खातो तेवढीच. बाहेर जाऊन कन्व्हेयरवर पार्ट ठेवायला तुमच्याकडे पुढच्या शॉटचा अख्खा कूलिंग टाइम आहे, तिथे हळू जा, पार्टवर ओरखडे येणार नाहीत आणि बेल्ट, बेअरिंगही जास्त टिकतील. वेळ वाचवायचाय तर हात मोल्डच्या अगदी वर थांबवा आणि मोल्ड उघडला की लगेच उतरवा. 30 सेकंदाच्या सायकलमध्ये असा एक सेकंद वाचला तर चोवीस तासात 2880 ऐवजी 2979 शॉट निघतात, आणि त्यासाठी बाहेरचा स्पीड एक टक्काही वाढवावा लागत नाही.

टूलचं वजनही रोबोच्या क्षमतेत मोजायचं असतं हे विसरू नका. 5 किलोचा रोबो आणि साडेतीन किलोचं टूल, तर पार्टला उरलं दीड किलो.

जंपर, बायपास आणि जाळी काढून ठेवणं

इथे मी कुणाचंच ऐकून घेत नाही. मशीन आणि रोबो एकमेकांशी बोलतात ते इंटरफेस केबलमधून, जुन्या मशीनवर युरोमॅप 12 चा 32 पिनचा कनेक्टर दिसतो, नव्यावर युरोमॅप 67 चा 50 पिनचा, काहींचा स्वतःचा वेगळा. त्यात मोल्ड एरिया मोकळा आहे हा सिग्नल रोबो देतो आणि तो आल्याशिवाय मशीनने मोल्ड बंद करायचा नसतो. अलार्म सारखा येतो म्हणून तो जंपर केला (तार जोडून कायमचा चालू दाखवला) की रोबोचा हात आत असताना मोल्ड बंद होऊ शकतो. मोल्ड गेला तर पैसे जातात, पण गार्डचा स्विच बायपास केला तर माणूस जातो, आणि कन्व्हेयरच्या तोंडातून हात घालून पडलेला पार्ट उचलणारा बहुतेक वेळा नवीन कंत्राटी पोरगा असतो ज्याला कुणी काही सांगितलेलं नसतं. जाळी काढायची असेल तर आधी इमर्जन्सी दाबा, मेन स्विच बंद करा, हवा सोडली की न्यूमॅटिक हात खाली येऊ शकतो म्हणून त्याला आधार द्या, मग हवेचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधलं प्रेशर सोडा, स्विच आणि व्हॉल्व्हला कुलूप लावा आणि मगच आत जा.

मशीनचं मोल्ड प्रोटेक्शन म्हणजे लो प्रेशर क्लोजिंगही नीट सेट करा. मोल्डच्या मध्ये जाड कागदाचा तुकडा राहिला तरी मशीन थांबलं पाहिजे, इतकं ते नाजूक हवं. वरच्या झाकणाच्या किस्स्यात मोल्ड वाचला तो यामुळेच.

लाइट गेली आणि हात आतच राहिला

लाइट परत आली की घाईने होमचं बटण दाबू नका. बऱ्याच रोबोत होम घेताना हात सरळ वर जातो, आणि कप कोअरच्या मागे असतील तर कप तुटतात नाहीतर कोअर खरवडला जातो. आधी मोल्ड पूर्ण उघडा आहे का डोळ्यांनी बघा, मॅन्युअलवर हात कोअरपासून मागे घ्या, तो पूर्ण मोकळा झाला की मग वर. दरम्यान व्हॅक्यूम गेलेला असतो, त्यामुळे पार्ट खाली टायबारवर (मोल्डच्या बाजूच्या जाड दांड्यांवर) किंवा मोल्डच्या फटीत पडलाय का ते शोधून बाहेर काढा आणि त्यानंतरच ऑटोवर टाका. हा क्रम मोठ्या अक्षरात लिहून, लॅमिनेट करून मशीनच्या पॅनलवर चिकटवून ठेवा, कारण लाइट रात्रीही जाते, जेव्हा सेटर घरी असतो.