क्लोन आधी, प्रोजेक्ट नंतर: बॉइंकसाठी व्हीएमची तयारी

बॉइंक म्हणजे आपल्या कॉम्प्युटरची ताकद वैज्ञानिक प्रोजेक्टच्या गणितांना देणारा प्रोग्राम. त्यासाठी मागच्या खेपेला चार व्हीएम (कॉम्प्युटरच्या आत चालणारी आभासी मशीन) उभी केली आणि पाच दिवसांचं गणित पाण्यात गेलं. नुकसान माझं एकट्याचं असतं तर हळहळून गप्प बसलो असतो. पण बऱ्याच प्रोजेक्टमध्ये एकच काम दोन वेगळ्या मशीनना देतात आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच ती पक्की धरतात. माझे टास्क बुडाले तेव्हा कुणीतरी स्वतःची वीज जाळून पूर्ण केलेलं कामही अडकून पडलं. तेच जास्त लागलं. म्हणून या वेळी हात घालण्याआधी सगळं लिहून काढतोय.

आधी व्हीएमची खरंच गरज आहे का ते बघा. व्हीएममुळे प्रोसेसरला नवे कोअर फुटत नाहीत. फायदा होतो तो दोनच ठिकाणी. एक, प्रोजेक्टकडे तुमच्या सिस्टिमसाठी कामच नसतं, फक्त लिनक्ससाठी असतं. क्लायमेटप्रेडिक्शन या हवामानाच्या प्रोजेक्टच्या बाबतीत हे वेळोवेळी दिसतं. दोन, त्याच प्रोजेक्टचा लिनक्सवरचा प्रोग्राम विंडोजवरच्यापेक्षा वेगाने चालतो. हे प्रत्येक प्रोजेक्टचं वेगळं, त्यामुळे ऐकीव माहितीवर जाऊ नका. एकाच प्रकारचे दहा-बारा टास्क दोन्हीकडे चालवा आणि लागलेला सीपीयू वेळ ताडून बघा. फरक नसेल तर व्हीएमचा नाद सोडा, कारण तेही थोडा वेळ खातंच. आणि जुन्या सूचना वाचून सेटी ॲट होम हा प्रोजेक्ट जोडायला जाऊ नका, ३१ मार्च २०२० पासून तिथून नवं काम येत नाही.

काही कामं व्हीएममध्ये न्यायचीच नाहीत. एलएचसी ॲट होम या प्रोजेक्टचे ॲटलास किंवा थिअरीचे टास्क सहसा व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामचं स्वतःचं मशीन घेऊन येतात. ते व्हीएममध्ये टाकले की मशीनच्या पोटात मशीन. ते होस्टवर, म्हणजे तुमच्या खऱ्या कॉम्प्युटरवर, थेट चालवा. ग्राफिक्स कार्डचं कामही होस्टवरच, व्हर्च्युअलबॉक्सच्या गेस्टला (व्हीएममधल्या सिस्टिमला) गणितासाठी कार्ड मिळत नाही.

बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू हवं: इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीच्या बोर्डांवर बहुधा एसव्हीएम या नावाने. विंडोजवर आणखी एक गोष्ट तपासा. व्हीएम चालू करून व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतली खालची पट्टी बघा. तिथे हिरवं कासव दिसलं तर प्रोसेसर हायपर-व्हीने (विंडोजच्या स्वतःच्या व्हीएम-सोयीने) आधीच ताब्यात घेतलाय आणि तुमचं व्हीएम त्याच्या आडून रखडत चाललंय. मेमरी इंटिग्रिटीसारख्या सोयींमुळेही हे होतं. ती सुरक्षेची सोय आहे, नुसत्या वेगासाठी बंद करणं मला पटत नाही. त्यापेक्षा हायपर-व्हीमध्येच व्हीएम बनवा.

कोअरचा हिशोब कागदावर मांडा. ८ कोअर, १६ थ्रेड असतील तर सगळ्या व्हीएमचे आणि होस्टवरच्या बॉइंकचे मिळून १४-१५ थ्रेडच्या वर जाऊ नका. होस्टवरचं बॉइंक लोक हमखास विसरतात. त्याला सीपीयूच्या टक्केवारीची मर्यादा घालून ठेवा, नाहीतर दोन्हीकडचे टास्क एकमेकांचा वेळ हिसकावत बसतात. रॅमचंही तसंच: एका टास्कला लागणारी रॅम गुणिले टास्क, वर गेस्टची स्वतःची. रॅम पुरेना म्हणून गेस्ट डिस्कवर स्वॅप करायला लागला की वेग संपला. शक्यतो एकच मोठं व्हीएम करा. मला प्रोजेक्ट वेगवेगळे ठेवायचे होते म्हणून चार केली.

आता मुख्य मुद्दा. क्लोन म्हणजे व्हीएमची हुबेहूब नक्कल. क्लोन आधी, प्रोजेक्ट नंतर.

बॉइंक पहिल्यांदा प्रोजेक्टशी जोडलं की सर्व्हर त्या मशीनला एक ओळख क्रमांक देतो. तो क्लायंटच्या डेटा फोल्डरमधल्या क्लायंट-स्टेट फाइलमध्ये जाऊन बसतो. शिवाय प्रत्येक संपर्कागणिक एक मोजणी पुढे सरकते आणि ती सर्व्हरही लक्षात ठेवतो. त्याच ओळखीने मागची मोजणी घेऊन कुणी आलं की सर्व्हर समजतो, ही फाइल दुसरीकडे नकलून नेलीये. तो नवी नोंद उघडतो आणि जुन्या ओळखीवरचे टास्क सोडून दिलेले म्हणून काढून टाकू शकतो. मी काय केलं? एक व्हीएम नीट बसवलं, प्रोजेक्ट जोडला, काम येताना पाहिलं आणि मग त्याचे तीन क्लोन काढले. चार मशीन, ओळख एकच. पाचव्या दिवशी खात्याच्या पानावर बघतो तर टास्कच्या नावापुढे ओळीने ‘अबॅन्डन्ड’. आणि व्हीएममध्ये त्यातलाच एक टास्क ८३ टक्क्यांवर, शांतपणे पुढे सरकतोय. कुणालाही नको असलेलं उत्तर काढत.

तेव्हा क्रम असा: गेस्टमध्ये लिनक्स टाका, डेस्कटॉप नको. अपडेट करा. बॉइंक क्लायंट टाका आणि त्याची सर्व्हिस बंद करा. प्रोजेक्ट जोडू नका. ‘एकदा चालतंय का बघूया’ म्हणूनसुद्धा जोडू नका, मी अगदी तेवढ्यासाठीच जोडला होता. मग क्लोन काढा. काढताना नवे मॅक ॲड्रेस देण्याचा पर्याय निवडा, प्रत्येकाला वेगळं होस्टनेम द्या. त्यानंतर एकेक सुरू करून प्रत्येकात प्रोजेक्ट स्वतंत्रपणे जोडा.

चुकून आधीच जोडला असेल तर मूळ मशीनला हात लावू नका. क्लोन चालू करण्याआधी सेटिंगमध्ये त्याची नेटवर्कची केबल काढा, मग सुरू करा, क्लायंट थांबवा, डेटा फोल्डर रिकामं करा आणि मगच केबल जोडा. केबलचं विसरलात तर क्लायंट तुमच्याआधी सर्व्हरशी बोलून मोकळा होतो.

स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली प्रत, हाही यातच आला. टास्क चालू असताना घेतलेल्या स्नॅपशॉटवर परत जाणं म्हणजे जुनी मोजणी घेऊन सर्व्हरपुढे उभं राहणं. बॅकअपवरून परत आणलेल्या व्हीएमचंही तेच. एकच व्हीएम असलं तरी सुटका नाही. स्नॅपशॉट घ्यायचा तो प्रोजेक्ट जोडण्याआधीचा. व्हीएमची स्थिती जतन करून बंद करणं मात्र वेगळं. त्यात मोजणी मागे जात नाही, फक्त डेडलाइन जवळ येत राहते. त्यासाठी गेस्टचं घड्याळ बरोबर असू द्या.

कामाचा साठा सुरुवातीला ०.१ दिवसाचाच ठेवा. नव्या क्लायंटला टास्क किती वेळ घेतो याचा नीट अंदाज नसतो, तो भरमसाट मागून ठेवतो. व्हीएमची डिस्क हळूहळू फुगणारी चालेल, पण ती आपोआप आकसत नाही. होस्टचं स्लीप बंद. पहिल्या तासाभरात तापमान बघा, लॅपटॉपवर तर नक्कीच, आणि जास्त वाटलं तर कोअर कमी करा. मशीन ऑफिसचं असेल तर परवानगी घेऊन, नाहीतर नको. व्हीएम काढून टाकायचं झालं तर आधी नवीन काम घेणं बंद, हातातलं पूर्ण, निकाल कळवले गेले का ते बघा, मग डिलीट.

मूळ व्हीएम तयार आहे. प्रोजेक्टची यादी आत्ता दोनदा उघडून पाहिली, रिकामी आहे. क्लोन काढतोय.