कमी खर्चात फोटो एडिटिंगसाठी मॉनिटर कसा निवडावा

मॉनिटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले आकडे, म्हणजे १ मिलिसेकंद, १४४ हर्ट्झ, एचडीआर वगैरे, बहुतांशी गेम खेळणाऱ्यांसाठी असतात. फोटोवर काम करणाऱ्याला लागणारी माहिती असते त्याच मॉनिटरच्या माहितीपत्रकात, पण खालच्या ओळींत आणि बारीक टायपात. पंधरा ते तीस हजार रुपयांच्या पल्ल्यात खरेदी करायची असेल, तर एकच गोष्ट धरून ठेवावी: पडदा लहान असला तरी चालेल, वेग कमी असला तरी चालेल, पण फाइलमध्ये जो रंग आहे तोच त्याने दाखवला पाहिजे. पुढचे सारे विवेचन या एका कसोटीवर आधारलेले आहे.

आपले फोटो शेवटी कुठे पाहिले जातात, हे सर्वप्रथम ठरवावे. मुंबईत हौसेने किंवा जोडधंदा म्हणून फोटोग्राफी करणाऱ्या बहुतेकांचे काम लग्न-मुंज, बारसे, गणेशोत्सव, घरगुती उद्योगांच्या मालाची छायाचित्रे अशा प्रकारचे असते, आणि ते एकतर मोबाइलवर पाहिले जाते किंवा लॅबमधून अल्बम होऊन येते. या दोन्ही ठिकाणी चालणारी रंगांची सामाईक मर्यादा म्हणजे एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये ती तयार केली आणि १९९९ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. अ‍ॅडोबी आरजीबी ही १९९८ ची अधिक विस्तृत मर्यादा विशेषतः हिरव्या-निळसर रंगांत पुढे जाते, परंतु ती पूर्ण दाखवणारे मॉनिटर महाग असतात आणि बहुतेक लॅब फाइल एसआरजीबीतच मागतात. म्हणून कमी खर्चाच्या खरेदीत ‘एसआरजीबी ९९ किंवा १०० टक्के’ एवढे लिहिलेले सापडले की समाधान मानावे.

हे टक्के वाचताना मात्र सावध राहावे लागते. काही माहितीपत्रकांत एसआरजीबीचा उल्लेखच नसतो, त्याऐवजी ‘एनटीएससी ७२ टक्के’ किंवा ‘एनटीएससी ४५ टक्के’ असे लिहिलेले असते. एनटीएससी हे अमेरिकेतील रंगीत दूरचित्रवाणीचे १९५३ चे जुने मानक आहे. त्याचे ७२ टक्के म्हणजे क्षेत्रफळाने साधारणपणे पूर्ण एसआरजीबी, तर ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीच्या दोनतृतीयांशाहूनही थोडे कमीच. स्वस्त लॅपटॉपच्या पडद्यांवर हा ४५ चा आकडा सर्रास आढळतो. ‘एसआरजीबी १२० टक्के’ असे वाचूनही हुरळून जाऊ नये, कारण तो आकडा रंगक्षेत्र, म्हणजे पडदा दाखवू शकतो त्या रंगांचा पल्ला, किती मोठे आहे ते सांगतो, त्यात एसआरजीबीचा प्रत्येक कोपरा आला आहे की नाही ते सांगत नाही. शिवाय रुंद रंगक्षेत्राच्या मॉनिटरवर रंग व्यवस्थापन नसलेल्या, म्हणजे फाइलमधील रंग पडद्याला जुळवून न घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सगळेच रंग भडक दिसतात. अशा मॉनिटरमध्ये एसआरजीबी मोड असतो, पण काही मॉडेलांत तो निवडल्यावर ब्राइटनेस बदलता येत नाही, हे विकत घेण्यापूर्वीच तपासावे.

रंगक्षेत्र अपुरे असले की काय होते, ते हळदीच्या समारंभाच्या एका फोटोवर चांगले समजते. नवरीच्या गालावरची ओली हळद, मागे झेंडूच्या माळा, अंगावर पिवळी साडी: हे तिन्ही पिवळे वेगवेगळे असतात. ४५ टक्क्यांच्या पडद्यावर ते तिन्ही जवळजवळ एकाच मळकट छटेत बसतात, म्हणून एडिट करणारा सॅच्युरेशनची, म्हणजे रंगाच्या गडदपणाची, पट्टी उजवीकडे सरकवतो आणि फोटो ‘उठून’ दिसू लागतो. तोच फोटो नवरीच्या मावशीच्या मोबाइलवर पोहोचतो, तेव्हा झेंडू पेटल्यासारखे दिसतात, त्यांच्या पाकळ्यांतील रेषा नाहीशा झालेल्या असतात आणि नवरीची त्वचा नारिंगी झालेली असते. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या गुलालाचेही असेच होते, कारण लाल रंगाचा चॅनल, म्हणजे फाइलमधील लालचे प्रमाण, आधीच टोकाला गेलेला असतो आणि अपुऱ्या पडद्यावर ते कळतच नाही.

पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा मुख्य थर, आयपीएस, टीएन आणि व्हीए अशा तीन प्रकारांत मिळतो. त्याबाबत फार विचार करण्याची गरज नाही: आयपीएसच घ्यावा. टीएन पॅनलवर मान थोडी वरखाली केली तरी रंग बदलतो, त्यामुळे तो या कामासाठी बाद. व्हीए पॅनलचा काळा रंग गडद असतो, त्याचा कॉन्ट्रास्ट (सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद छटेचे प्रमाण) ३०००:१ च्या आसपास असतो तर साध्या आयपीएसचा १०००:१ च्या आसपास, आणि दुकानात व्हीए नजरेत भरतो हेही खरे. पण बाजूने पाहिल्यावर त्यातील गडद छटा फिक्या होतात, त्यामुळे सावलीतील चेहरा किती उजळावा याचा निर्णय आपण कसे बसलो आहोत त्यावर ठरू लागतो. आयपीएसचा काळा अंधाऱ्या खोलीत किंचित राखाडी दिसतो आणि कोपऱ्यांत थोडी चमक जाणवते, तेवढे सोसावे.

यानंतर बिट आणि डेल्टा ई. प्रत्येक रंगाला ८ बिट देणारे पॅनल १ कोटी ६७ लाख छटा दाखवते. ६ बिटचे पॅनल मुळात फक्त २,६२,१४४ छटा दाखवते आणि उरलेल्या छटा पिक्सेल भराभर बदलून भासवते, आणि त्यालाही माहितीपत्रकात १ कोटी ६७ लाखच लिहिलेले असते. म्हणून ‘८ बिट’ हा स्पष्ट उल्लेख शोधावा. मरीन ड्राइव्हवरच्या सूर्यास्ताच्या आकाशात पट्टे दिसू लागले, तर ते फोटोत आहेत की पडद्यात, हा संशय त्यामुळे बराच कमी होतो. डेल्टा ई म्हणजे अपेक्षित रंग आणि प्रत्यक्ष दिसणारा रंग यांतील अंतर. ते सरासरी २ च्या खाली असेल, तर सरावलेल्या डोळ्यालाही फरक सहसा जाणवत नाही. कारखान्यातच जुळणी केलेल्या काही मॉनिटरांच्या खोक्यात त्याचा छापील अहवाल मिळतो. आसुसच्या प्रोआर्ट मालिकेतील पीए२४८क्यूव्ही (२४.१ इंच, १९२०×१२००) आणि पीए२७८क्यूव्ही (२७ इंच, २५६०×१४४०) ही याची परिचित उदाहरणे असून दोन्हींसाठी कंपनी १०० टक्के एसआरजीबी आणि २ पेक्षा कमी डेल्टा ई सांगते. डेलची अल्ट्राशार्प आणि बेनक्यूची पीडी मालिका याच वाटेवरच्या आहेत. मॉडेल बदलत राहतात, त्यामुळे नावापेक्षा या ओळी लक्षात ठेवणे उपयोगाचे.

आकाराच्या बाबतीत लोक हमखास घसरतात ते २७ इंचाच्या १९२०×१०८० मॉनिटरवर, कारण तो २४ इंचाच्या चांगल्या मॉनिटरच्या किमतीत मिळतो आणि टेबलावर भारदस्त दिसतो. प्रत्यक्षात २४ इंचांवर या रिझोल्यूशनला इंचामागे सुमारे ९२ पिक्सेल मिळतात, तर २७ इंचांवर केवळ ८२, आणि फोकस डोळ्यावर आहे की पापणीवर हे ठरवताना तो फरक जाणवतो. २७ इंच घ्यायचाच असेल, तर २५६०×१४४० घ्यावा. तेथे इंचामागे सुमारे १०९ पिक्सेल येतात. फोर-के उत्तमच, परंतु या किमतीत फोर-के मिळवताना रंगांत तडजोड झालेली नाही ना ते पाहावे, आणि आपल्या संगणकाचे आउटपुट एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ तरी आहे याची खात्री करावी, नाहीतर चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि माउसही अडखळत चालल्यासारखा वाटतो.

खरेदीसाठी ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, अजूनही सोयीचा आहे, कारण तेथे भाव करता येतो आणि ओळखीचा दुकानदार मॉनिटर जोडून दाखवतो. रविवारी तेथील बरीच दुकाने बंद असतात, म्हणून कामाच्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना जावे. स्वतःचा लॅपटॉप, केबल आणि पेन ड्राइव्ह बरोबर न्यावा. पेन ड्राइव्हमध्ये पांढरे, काळे, मध्यम राखाडी, लाल, हिरवे आणि निळे अशी पूर्ण पडदा भरणारी एकरंगी सहा चित्रे, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग जाणारी एक पट्टी, आणि आपल्याच एका फोटोची फाइल ठेवावी. त्या फोटोचा लॅबमधून काढलेला प्रिंटही पिशवीत असू द्यावा. “साहेब, सील फोडलं की परत नाही घेणार हं,” असे दुकानदार सांगतोच. त्यावर, पैसे देण्याआधी काउंटरवरच लावून पाहीन आणि पिक्सेल मेलेला (कायमचा बंद पडलेला) निघाला तर दुसरा नग घेईन, एवढे मोकळेपणाने ठरवून घ्यावे. मेलेल्या पिक्सेलांच्या बाबतीत अनेक कंपन्या ठरावीक संख्येपर्यंत बदलीची जबाबदारी घेत नाहीत, त्यामुळे ही बोलणी महत्त्वाची आहेत.

मॉनिटर सुरू झाल्यावर त्याच्या मेनूतून आधी एसआरजीबी मोड लावायला सांगावे, कारण दुकानातला नमुना बहुधा भडक मोडवर ठेवलेला असतो. मग राखाडी चित्र पूर्ण पडद्यावर आणून दोन हात मागे सरकून पाहावे: डावीकडे गुलाबी आणि उजवीकडे हिरवट झाक दिसली, तर तो नग नाकारावा. त्वचेच्या रंगाच्या दृष्टीने हा दोष एखाद्या मेलेल्या पिक्सेलपेक्षा वाईट असतो, आणि पुढे कितीही कॅलिब्रेशन (यंत्राने रंगांची जुळणी) केले तरी तो जात नाही. काळ्या चित्रावर कडांतून गळणारा प्रकाश दिसतो, सलग पट्टीवर पायऱ्या पडतात का ते कळते. आपला फोटो सर्वांत शेवटी उघडावा. दुकानातील ट्यूबलाइटखाली प्रिंटशी तो तंतोतंत जुळणार नाही, तरी चेहऱ्याचा रंग ओळखीचा वाटतो की परका, एवढे नक्की समजते. ऑनलाइन घेणाऱ्याला हे करता येत नाही. त्याने पैसे परत मिळतात की फक्त नग बदलून मिळतो, ते आधी वाचावे आणि खोके उघडताना व्हिडिओ काढावा. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने बिलावर आपला क्रमांक घालून घ्यावा, म्हणजे कराचे क्रेडिट मिळते.

घरी आल्यावर मॉनिटरइतकेच महत्त्व खोलीला आहे. मुंबईच्या घरांत जागा निवडायला वाव कमी असतो हे मान्य, तरी खिडकी पडद्यासमोर किंवा पाठीमागे येऊ नये, बाजूला असावी, आणि पश्चिमेची असेल तर दुपारनंतर जाड पडदा ओढावा. पिस्ता किंवा गुलाबी भिंतीवरून परतणारा प्रकाश नजरेला फसवतो. भिंत रंगवणे शक्य नसल्यास मॉनिटरच्या मागे राखाडी कापड लावावे. काळ्या कार्डशीटचे तीन तुकडे कापून पडद्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना लावले, की पडद्यावर बाजूचा प्रकाश पडू न देणाऱ्या, बाजारात महाग मिळणाऱ्या हुडचे काम भागते.

नव्या मॉनिटरचा ब्राइटनेस कारखान्यातून फार चढा येतो. चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला एवढा प्रकाश फोटोच्या कामाला पुरतो, तर हे मॉनिटर २५० च्या पुढे सहज जातात. ‘लॅबवाल्याने अल्बम काळा छापला’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. चढ्या प्रकाशात फोटो पुरेसा उजळ वाटतो, म्हणून तो फाइलमध्ये अंधाराच राहतो. मेनूत गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतील ते ठरवणारे) २.२ आणि कलर टेंपरेचर (पांढरा निळसर की पिवळसर दिसेल ते ठरवणारे) ६५०० केल्विन ठेवावे. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, डोळ्यांच्या संरक्षणाचे पिवळसर मोड आणि विंडोजची नाइट लाइट ही तिन्ही बंद करावीत. एचडीएमआयने जोडल्यावर काळा धुरकट दिसत असेल, तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुटची मर्यादा १६ ते २३५ अशी पडली आहे का ते पाहून ती पूर्ण, म्हणजे ० ते २५५ करावी. पुष्कळ लोक या एका सेटिंगमुळे चांगल्या मॉनिटरला दोष देत बसतात.

कॅलिब्रेशनचे यंत्र, म्हणजे कलरीमीटर, ही महिन्यातून एकदा लागणारी वस्तू आहे, त्यामुळे तीन-चार मित्रांनी मिळून घेतली तर परवडते. डिस्प्लेकॅल आणि आर्गिल सीएमएस ही मोफत सॉफ्टवेअर अनेक प्रचलित यंत्रांबरोबर चालतात. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मगच मोजणी करावी आणि तयार झालेले प्रोफाइल (रंगदुरुस्तीची फाइल) लावल्यावर ब्राइटनेसच्या बटणाला हात लावू नये, कारण ते प्रोफाइल त्याच ब्राइटनेसपुरते खरे असते. यंत्र मिळेपर्यंत लॅबमधून एक ४×६ चा प्रिंट काढून तो चांगल्या पांढऱ्या प्रकाशात पडद्याशेजारी धरावा आणि फक्त ब्राइटनेस जुळवावा. रंग नजरेने जुळवण्याच्या फंदात पडू नये. डोळा पाच मिनिटांत कोणत्याही छटेला सरावतो.

जुना मॉनिटर विकून फारसे काही हाती येत नाही, म्हणून तो शेजारी ठेवावा आणि त्यावर फोल्डर, टूलच्या पट्ट्या आणि ग्राहकांचे व्हॉट्सअ‍ॅप उघडावे. दोन्ही पडद्यांचे रंग एकमेकांशी जुळवण्याचा खटाटोप मात्र करू नये. फोटो नव्यावरच पाहावा, आणि ग्राहक घरी आला तर त्याची खुर्चीही नव्यासमोरच मांडावी.