आयसीयूतला एनडीएम क्लेब्सिएला: कल्चरपासून डोसपर्यंत

क्लेब्सिएला या जंतूच्या कल्चर रिपोर्टवर मेरोपेनेम हे तगडं अँटिबायोटिक रेझिस्टंट दिसलं की लगेच कोलिस्टिन हे राखीव अँटिबायोटिक लिहू नका. आधी ठरवा, जंतू आजार करतोय की नुसता मुक्कामाला आलाय. ट्यूबच्या स्रावात किंवा कॅथेटरच्या लघवीत क्लेब्सिएला आहे, पण ताप नाही, बीपी ठीक आहे, ऑक्सिजन वाढवावा लागलेला नाही, एक्स-रेही जुनाच आहे, तर रिपोर्टला औषध द्यायचं नसतं.

ब्लड कल्चर अँटिबायोटिक बदलण्यापूर्वी घ्या. दोन वेगळ्या शिरांतून दोन सेट, दर बाटलीत ८ ते १० मिली. रक्त कमी पडलं तर जंतू निसटतो. २ टक्के क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोल लावून निदान ३० सेकंद वाळू द्या, मग तिथे पुन्हा बोट नको. बाटलीचं रबरी बूच स्पिरिटने पुसायचं हमखास राहतं. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवू नका.

मग लॅबला विचारा, जंतू कोणत्या एन्झाइमने मेरोपेनेम तोडतोय. आपल्याकडे एनडीएम आणि ऑक्सा-४८ ही एन्झाइम्स वारंवार भेटतात, कधी दोन्ही एकत्र. नुसता ऑक्सा-४८ असेल तर सेफ्टाझिडीम-अ‍ॅव्हिबॅक्टम २.५ ग्रॅम दर ८ तासांनी पुरतं. एनडीएमवर अ‍ॅव्हिबॅक्टम चालत नाही. अ‍ॅझ्ट्रिओनाम एनडीएमला तोडता येत नाही, पण त्याच जंतूतले ईएसबीएल (अँटिबायोटिक तोडणारी दुसरी एन्झाइम्स) ते तोडतात. त्यांना अ‍ॅव्हिबॅक्टम रोखतं. म्हणून सेफ्टाझिडीम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि अ‍ॅझ्ट्रिओनाम दोन्ही एकाच वेळी, ३ तासांच्या इन्फ्युजनने चालवा. अ‍ॅझ्ट्रिओनाम २ ग्रॅम दर ६ ते ८ तासांनी. एक सकाळी, दुसरं दुपारी असं लावलं तर अ‍ॅझ्ट्रिओनाम उघडं पडतं. क्रिएटिनिन क्लिअरन्स पाहून डोस बसवा, लिव्हर एन्झाइम्स तपासत राहा. जंतू ई. कोलाय असेल तर जोडीची सेन्सिटिव्हिटी करूनच घ्या: भारतातल्या बऱ्याच एनडीएम ई. कोलायमध्ये पीबीपी-३ (अ‍ॅझ्ट्रिओनाम ज्याला चिकटतं ते जंतूचं प्रथिन) बदललेलं असतं आणि मग ही जोडीही लंगडी पडते.

कोलिस्टिन शेवटचा पर्याय. द्यावंच लागलं तर ९ मिलियन युनिटचा लोडिंग डोस किडनी खराब असली तरी द्या, नाहीतर रक्तातली पातळी चढायला दोन दिवस जातात. मग दर १२ तासांनी ४.५ मिलियन, तो मात्र किडनीप्रमाणे. डिस्कवरची (आगारच्या प्लेटवर औषधाची चकती ठेवून काढलेली) कोलिस्टिन सेन्सिटिव्हिटी मानू नका, एवढा मोठा रेणू आगारमध्ये नीट पसरतच नाही. टायगेसायक्लिन हे अँटिबायोटिक रक्तात फार कमी उरतं, बॅक्टेरिमियात (रक्तात जंतू असताना) एकटं नको.

संशयित लाइन (शिरेत घातलेली नळी) काढा, पू असेल तर ड्रेन करा. गुंतागुंत नसलेल्या बॅक्टेरिमियाला ७ दिवस सहसा पुरतात, पण ते लागू पडणारं औषध सुरू झाल्यापासून मोजायचे.