पहिली बोट चालवण्याआधी तिची यंत्रणा कशी शिकावी

हर्णै बंदरात मी माझी पहिली बोट घेतली ती जुनी, दोन सिलिंडरची, फायबरची आणि जाळी टाकून मासेमारी करणारी होती. घरात हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असला, तरी माझे शिक्षण आणि नोकरीची काही वर्षे शहरात गेली होती, त्यामुळे समुद्राची ओळख होती पण बोटीच्या पोटात काय चालते याची नव्हती. सुदैवाने व्यवहार पूर्ण झाला तेव्हा 1 जून ते 31 जुलै हा मासेमारीबंदीचा काळ समोर होता आणि बोट आंजर्ल्याच्या खाडीत शाकारून, म्हणजे पावसाळ्यासाठी झाकून, ठेवलेली होती. ज्यांना या व्यवसायात नव्याने उतरायचे आहे त्यांनी हे दोन महिने वाया घालवू नयेत, असे मी कळकळीने सांगेन, कारण हंगाम सुरू झाल्यावर शिकायला कोणी थांबत नाही.

वडिलांबरोबर अनेक वर्षे समुद्रात गेलेल्या आमच्या तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे बोट चालवणारा प्रमुख) मला पहिले चार दिवस इंजिन सुरूच करू दिले नाही. प्रत्येक पाइप जिथून निघतो तिथपासून जिथे संपतो तिथपर्यंत हात फिरवत जायचे, आणि मग तेच डोळे मिटून करायचे, एवढेच काम त्यांनी दिले. "रात्री इंजिनखोलीत बॅटरी हातात धरशील की पाना?" असे ते विचारत. त्या वेळी हा सराव मला कंटाळवाणा वाटला होता.

सर्वांत आधी थंड करणाऱ्या पाण्याची वाट समजून घ्यावी. बोटीच्या तळातील छिद्रातून समुद्राचे पाणी कॉकमधून, म्हणजे उघडता-बंद करता येणाऱ्या तोटीतून, गाळणीत येते, तिथून पंप ते ओढतो, इंजिनाची उष्णता घेऊन ते सायलेन्सरमधून बाहेर पडते. म्हणून इंजिन सुरू करताच मागे वाकून पाणी पडते आहे का हे पाहायचे, आणि बोट चालू असतानाही दर थोड्या वेळाने पाहत राहायचे. ऑगस्टमधल्या माझ्या तिसऱ्याच फेरीत, किनारा दिसेनासा झाल्यावर, काका जेवता जेवता थांबले आणि "आवाज कोरडा येतोय" म्हणाले. मला काहीच फरक कळला नव्हता, पण मागे पाहिले तर पाण्याऐवजी नुसती वाफ येत होती. इंजिन बंद करून मी घाईने गाळणीचे झाकण उघडले आणि कॉक बंद करायला विसरलो. गाळणी पाण्याच्या पातळीखाली असल्याने समुद्र सरळ आत येऊ लागला. कॉक कुठे आहे हे हाताला माहीत होते म्हणूनच तो क्षणात बंद झाला. गाळणीत प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा आणि शेवाळ होते. पंपातला रबरी पंखा कोरडा फिरल्याने त्याची दोन पाती तुटली होती. सुटा पंखा बोटीवर होता, पण तुटलेली पाती शोधून काढण्यातच अधिक वेळ गेला. ती पुढच्या नळीत अडकून राहिली तर नवा पंखा बसवूनही पाणी पुरेसे जात नाही.

डिझेलच्या बाबतीत दोनच शत्रू आहेत, पाणी आणि हवा. टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या दमट हवेचे पाणी होऊन तळाशी साचते, म्हणून फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून ते रोज सकाळी काढावे. फिल्टर बदलल्यावर इंजिनाने हवा धरली, तर हातपंप मारत हवा काढण्याचा स्क्रू सैल ठेवायचा आणि बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की घट्ट करायचा. हे काम किनाऱ्यावर दहा वेळा करून पाहावे. उधाणाच्या लाटांत, आडव्या झालेल्या बोटीत, ते फार वेगळे वाटते.

बोट ढकलणाऱ्या मागच्या पंख्याचा शाफ्ट (फिरणारा दांडा) बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे शाफ्टभोवतीच्या पाणी अडवणाऱ्या जोडातून, थेंब थेंब पाणी आत येते, त्याने नवखा माणूस घाबरतो आणि नट आवळून टाकतो. शाफ्ट फिरत असताना हे थेंब पडायलाच हवेत, त्यांनीच आतले दोरीचे पॅकिंग थंड राहते. मात्र थेंबांची धार झाली किंवा ग्लँडला हात लावल्यावर चटका बसला, तर लक्ष घालावे. हे आत येणारे पाणी बाहेर टाकणारा पंप आपोआप चालतो का, हे तळात बादलीभर पाणी ओतून निघण्याआधी तपासावे.

बॅटऱ्या दोन असाव्यात आणि इंजिन सुरू करण्याची बॅटरी दिव्यांसाठी कधीच वापरू नये. वायरलेसवर 16 नंबरचे चॅनल उघडे ठेवावे, आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक प्रत्येक खलाशाला पाठ असावा. जाळे पाण्यात असताना रात्री वर तांबडा आणि खाली पांढरा दिवा लागतो, जाळे ओढत नेणाऱ्या ट्रॉलरचा वरचा दिवा हिरवा असतो. नांगराची दोरी पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडावी, म्हणजे सहा वाव (एक वाव साधारण सहा फूट) पाण्यात तीस वाव.

बर्फाचे आणि जाळ्याचे शिक्षण खलाशांबरोबर काम करतानाच मिळते, ते इथे लिहून कळणार नाही. इंजिनखोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला मी एक वही टांगली आहे. तिच्यात तेल बदलल्याची तारीख, फिल्टर, पंपाचा पंखा आणि ग्लँड आवळल्याची नोंद असते, आणि अलीकडे काकाही त्यांना ऐकू आलेला वेगळा आवाज तिच्यात लिहायला सांगतात.