शून्यावर अडलेला थर्मामीटर

स्थायूला आकार असतो, द्रवाला नसतो, वायू पसरतो. माझ्या वर्गातली मुलं हे झोपेतही म्हणून दाखवतील. मग मी मिठाची बरणी पुढे ठेवते. हे ओतता येतं, भांड्याचा आकार घेतं, मग द्रव का नाही? इथे निम्मा वर्ग डगमगतो. अशा वेळी मिठाचा एकच कण भिंगाखाली धरा. भांडं कुठलंही असो, त्याच्या कडा तशाच राहतात. शिवाय मीठ ओतलं की ढीग होतो, पाण्याचा होत नाही.

आता बिनसुईची सिरिंज घ्या. दट्ट्या अर्धा ओढा, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दाबा. हवा दबते, सोडली की दट्ट्याला मागे ढकलते. मग सिरिंजमध्ये पाणी भरा, बुडबुडे काढून टाका आणि पुन्हा दाबा. दट्ट्या हलतच नाही. पाण्याचे कण आधीच एकमेकांना खेटून असतात, हवेच्या कणांमध्ये मात्र भरपूर मोकळी जागा असते. किती? 1 ग्रॅम पाणी जवळपास 1 घन सेंटीमीटर जागा घेतं. त्याचीच 100 अंशांवर वाफ झाली की सुमारे 1,700 घन सेंटीमीटर लागतात. कण तेवढेच, वस्तुमानही तेवढंच.

खरी मजा पुढे आहे, तिला घाईत उरकू नका. ठेचलेल्या बर्फात थोडं पाणी घाला. प्रयोगशाळेतला थर्मामीटर हवा. ताप मोजायचा इथे निरुपयोगी, तो शून्यापर्यंत उतरतच नाही. मघाची मिठाची बरणी लांब ठेवा, मीठ पडलं तर तापमान शून्याच्याही खाली जाईल. भांडं अगदी मंद आचेवर ठेवून सतत ढवळा आणि दर मिनिटाला आकडा लिहा. थर्मामीटरचं टोक तळाला टेकू देऊ नका.

आच चालू, बर्फ कमी होतोय आणि आकडा शून्याच्या आसपासच. ‘थर्मामीटर बिघडलाय’ असं कुणीतरी म्हणतंच, आणि मला ती शंका फार आवडते. थांबा. शेवटचा खडा वितळला की आकडा चढू लागतो. आलेख काढा, आधी सपाट रेषा आणि मग चढ दिसेल.

मग एवढा वेळ दिलेली उष्णता गेली कुठे? बर्फातल्या कणांची पक्की मांडणी मोडण्यात ती खर्च झाली. 1 ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे 334 ज्यूल लागतात. तेवढ्यात 1 ग्रॅम पाणी शून्यावरून जवळजवळ 80 अंशांपर्यंत तापलं असतं! हिलाच अप्रकट उष्मा म्हणतात. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1760 च्या दशकात तो मोजला. पाणी उकळताना अशीच दुसरी सपाट रेषा येते, ती बरीच लांब, कारण तिथे ग्रॅममागे सुमारे 2,257 ज्यूल लागतात. तो प्रयोग मोठ्या माणसाने करावा, वाफेचा चटका वाईट असतो.

जाता जाता एक काम. पेल्यातल्या पाण्यात बर्फाचा खडा तरंगत ठेवा आणि पाण्याच्या पातळीवर खूण करा. खडा वितळल्यावर पातळी वर जाईल, खाली येईल की तिथेच राहील? आधी उत्तर कारणासकट वहीत लिहा, मगच बघा. बर्फाची घनता घन सेंटीमीटरला सुमारे 0.92 ग्रॅम असते, एवढाच आकडा देते.